हाड जुळले म्हणजे हात परत आला असे नव्हे

आषाढात आंदर मावळातील खाचरे हिरवी होतात, ती आपोआप होत नाहीत. दिवसचे दिवस चिखलात उभे राहून, कमरेत वाकून, एकेक रोप बोटांनी रोवणाऱ्या बायकांच्या पाठीवर ती हिरवी होतात. इंद्रायणी तांदळाचे नाव आज शहरातील दुकानांत मानाने घेतले जाते. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून हे वाण बाहेर पडले, याचा मावळाला रास्त अभिमान आहे. परंतु त्या तांदळाच्या भावात लावणी करणारीच्या कंबरेचा हिशोब कोठेही धरलेला नाही. लावणी उरकली की ती घरी बसते, कंबरेला शेक देते आणि पुढच्या मजुरीची वाट पाहते.

टाकवे बुद्रुक हे दोन प्रकारच्या श्रमांच्या सांध्यावरचे गाव आहे. कान्हे स्टेशनवरून इंद्रायणी ओलांडून आले की एकीकडे कारखान्यांच्या शेडी दिसतात, दुसरीकडे भाताची खाचरे. आणि पुढे भोयरे, सावळे, कुसूर, खांडीपर्यंत पसरलेला डोंगराळ मुलूख. या मुलखातला माणूस सकाळी शेडीत यंत्रावर उभा असतो आणि सुटीच्या दिवशी स्वतःच्या तुकड्यात राबतो. त्याचे शरीर हेच त्याचे भांडवल, अशी वाक्ये सभांतून पुष्कळ बोलली जातात. मात्र ते शरीर एकदा मोडल्यावर पुन्हा कामास लायक कसे करावयाचे, या प्रश्नाकडे कामगार चळवळीने जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले नाही.

मनगट मोडले की प्लास्टर घातले जाते. साधारण सहा आठवड्यांनी ते निघते. हाड जुळले, असे डॉक्टर सांगतात आणि घरचे निःश्वास सोडतात. परंतु सहा आठवडे बांधून ठेवलेला हात आखडलेला असतो, त्याचे स्नायू रोडावलेले असतात, मूठ नीट वळत नाही, तळहात वर करून पैसे घेणेही जमत नाही. अशा हाताने विळा धरता येत नाही आणि यंत्राचा दांडाही ओढता येत नाही. म्हणजे जेथे वैद्यकशास्त्राच्या कागदावर उपचार संपतो, तेथे कष्टकऱ्याच्या दृष्टीने खरा उपचार सुरू व्हावयाचा असतो. त्या उपचाराचे नाव भौतिकोपचार, बोलीभाषेत फिजिओथेरपी. हा उपचार म्हणजे काय, त्यातून कशाची अपेक्षा करावी आणि कशाची करू नये, हे कार्यकर्त्यांनी समजून घेणे आवश्यक आहे. कारण ते माहीत नसल्यामुळे माणसे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उपचार सोडतात आणि जन्माचे अधू होऊन बसतात.

या शास्त्राचा जन्म श्रीमंतांच्या सुखासाठी झालेला नाही. महायुद्धांत जायबंदी झालेले शिपाई आणि पोलिओने लुळी पडलेली मुले यांच्या गरजेतून ते वाढले. पुण्यातील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसरे महायुद्ध चालू असतानाच सुरू झाले. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, १९५२ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराची देशातील पहिली शाळा निघाली. परळ म्हणजे गिरण्यांचा भाग आणि के. ई. एम. म्हणजे नगरपालिकेचे, गिरणगावातील माणसांचे रुग्णालय. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक रुग्णालयात, सामान्यांच्या मुलांसाठी या विद्येने या देशात पहिले पाऊल टाकले. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पोलिओ गेला, पण त्या निमित्ताने उभी राहिलेली विद्या खेड्यातील कष्टकऱ्यापर्यंत पोहोचावयाची राहूनच गेली. दरम्यानच्या काळात ती शहरातील खासगी दवाखान्यांत स्थिरावली आणि सत्रागणिक विकली जाऊ लागली.

आता प्रत्यक्ष उपचाराकडे वळू. पहिल्या दिवशी रुग्णाला बहुधा वाटते की आपल्याला यंत्राखाली निजवतील, शेक देतील आणि घरी पाठवतील. चांगला उपचारक तसे करीत नाही. पहिल्या भेटीतील मोठा वेळ विचारपूस आणि तपासणी यांत जातो. कोठे दुखते, केव्हापासून, कोणत्या हालचालीने वाढते, रात्री झोप मोडते काय, पायात मुंग्या येतात काय, असे प्रश्न येतात. त्यानंतर सांधा किती अंशांत वळतो हे कोनमापकाने मोजले जाते. स्नायूंचे बळ शून्य ते पाच या श्रेणीत नोंदले जाते. पाठीचे दुखणे असेल तर पाय सरळ उचलून पाहतात, त्वचेची संवेदना व गुडघ्याचा प्रतिक्षेप तपासतात. हे सर्व लिहून ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण महिन्याने सुधारणा झाली किंवा नाही हे या आकड्यांवरूनच ठरते. ज्या ठिकाणी काहीही न तपासता पहिल्याच दिवशी यंत्र लावले जाते, तेथे रुग्णाने सावध राहावे.

याच भेटीत एक प्रश्न विचारला गेलाच पाहिजे : तुम्ही काम काय करता? विचारला गेला नाही तर रुग्णाने तो आपणहून सांगावा. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची पाठ आणि तांदळाची पोती उचलणाऱ्याची पाठ यांना एकच व्यायाम पुरत नाही. उपचाराचे ध्येय ‘दुखणे कमी करणे’ एवढे मोघम असू नये. ‘सहा आठवड्यांनी उकिडवे बसून चूल पेटवता आली पाहिजे’, ‘दहा किलोचा ट्रे कंबरेपर्यंत उचलता आला पाहिजे’, असे ते कामाच्या भाषेत ठरले पाहिजे. तेव्हाच ते रुग्णाचे होते.

उपचाराचे सामान्यतः तीन भाग असतात. एक, शेक, मेण, विद्युतप्रवाह, ध्वनिलहरी वगैरे साधने. दुसरा, उपचारकाच्या हाताने सांधा व स्नायू मोकळे करणे. आणि तिसरा, व्यायाम. पैकी पहिल्याचे आकर्षण सर्वांत जास्त आणि टिकाऊपणा सर्वांत कमी. यंत्राने मिळणारा आराम बहुधा तात्पुरता असतो. त्या आरामाच्या काळात हालचाल करून घेता यावी, एवढाच त्याचा उपयोग. सारे दिवस यंत्राखाली पडून काढले आणि व्यायाम झालाच नाही, तर पैसे गेले आणि कंबर होती तेथेच राहिली असे समजावे. खरा उपचार तिसऱ्या भागात आहे, आणि तो रुग्णाने स्वतः करावयाचा आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा दवाखान्यात आणि रोज घरी, हा त्याचा नियम. दवाखान्यात शिकवलेले घरी केले नाही, तर रोज नवा धडा घ्यावा आणि रोज विसरावा असे होते.

दुखणे वाढले म्हणून उपचार सोडणारे सर्वांत अधिक. येथे स्पष्टता हवी. न वापरलेला सांधा हलवला की दुखणारच. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू ठणकणे हे अपायाचे लक्षण नव्हे. परंतु दुखणे दुसऱ्या दिवशीही उतरणीला लागत नसेल, कळ पायात किंवा हातात खोलवर उतरत असेल, सांधा सुजून लाल होत असेल, तर व्यायामाचे प्रमाण चुकले आहे असे समजून उपचारकाला सांगावे. गुपचूप सहन करणे हे येथे शौर्य नाही. आणि काही चिन्हे अशी आहेत की ज्यांसाठी भौतिकोपचाराची वाट न पाहता तत्काळ मोठे रुग्णालय गाठले पाहिजे : कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरील ताबा सुटणे, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडत जाणे, दुखण्यासोबत ताप वा वजन घटणे, शस्त्रक्रियेनंतर किंवा प्लास्टरनंतर पोटरी अचानक सुजणे. वस्तीवरच्या प्रत्येक कार्यकर्त्याला आणि आशाताईला ही चिन्हे पाठ असावीत.

किती दिवस लागतात, हा सर्वांचा पहिला प्रश्न. त्याचे प्रामाणिक उत्तर रोगागणिक वेगळे आहे. कंबरेत उसण भरली असेल तर बहुतेक माणसे सहा आठवड्यांच्या आत पुष्कळ सुधारतात. मात्र त्यासाठी अंथरूण धरून पडू नये, झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहावे. स्नायूंत खरे बळ भरावयास सहा ते आठ आठवडे नियमित व्यायाम लागतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जाणवणारी सुधारणा ही मुख्यतः मज्जातंतूंनी जुने काम पुन्हा शिकण्याची असते. प्लास्टरनंतरचे मनगट पूर्ववत होण्यास काही आठवडे ते काही महिने जातात. खांदा पूर्ण आखडला असेल तर महिनेच्या महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. अर्धांगवायूत पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे. सुधारणा पुढेही होत राहते, पण तेव्हा गमावलेला काळ भरून काढणे अवघड असते. म्हणून पक्षाघाताचा रुग्ण घरी आणल्यावर ‘जरा शक्ती येऊ दे, मग व्यायाम पाहू’ असे म्हणणे म्हणजे शक्ती येण्याची वाटच बंद करणे होय.

ज्याची अपेक्षा करू नये तेही सांगितले पाहिजे. सरकलेली गादी एका झटक्यात जागेवर बसवतो, असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पूर्णपणे तुटलेली नस व्यायामाने जुळत नाही. क्ष-किरण चित्रात मणक्यांची झीज दिसली म्हणून आयुष्य संपत नाही. तशी झीज काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या पाठीत आढळते. उपचाराचे मोजमाप चित्रावरून नव्हे, तर माणूस काय करू शकतो यावरून करावयाचे असते. आणि चांगल्या उपचाराला शेवट असतो. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा मोजमाप व्हावे, फरक दिसला तर पुढची पायरी ठरावी, फरक नसेल तर पद्धत बदलावी किंवा डॉक्टरकडे परत पाठवावे. महिनोनमहिने तेच यंत्र आणि तोच दर चालू राहिला, तर तो उपचार राहिलेला नसून व्यापार झालेला आहे.

येथे एक जुना आक्षेप उभा राहतो. ‘कष्ट करणाऱ्याला व्यायामाची काय गरज? दिवसभर राबणे हाच त्याचा व्यायाम,’ असे शहाणे लोक म्हणतात, आणि दुर्दैवाने कष्टकरीही तसेच मानतात. हा विचार तपासून घेतला पाहिजे. व्यायाम शरीराच्या गरजेप्रमाणे ठरतो. कोणता स्नायू, किती वेळा, किती ओझे, किती विश्रांती, हे शरीराकडे पाहून ठरवतात आणि हळूहळू वाढवतात. श्रमाचे प्रमाण मात्र शरीर ठरवीत नाही. ते ठेकेदार ठरवतो, पावसाची उघडीप ठरवते, पाळीतील नगांची संख्या ठरवते. लावणीला वाकलेली बाई दिवसभर एकाच दिशेने वाकते. पाठ उलट दिशेला ताणण्यास तिला उसंत नसते. यंत्रावरचा कामगार एकच खांदा दिवसात हजारदा उचलतो आणि दुसरा तसाच राहतो. दुखऱ्या अवयवाला विश्रांती हवी त्या दिवशी त्याला जादा पाळी मिळते. श्रम आणि व्यायाम यांतला भेद हा, आपल्या शरीरावर कोणाची सत्ता चालते, याचा भेद आहे.

म्हणूनच या उपचाराचा प्रश्न शेवटी वेळेच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. गोळी कामावर जातानाही गिळता येते; सांधा मात्र कामावर जाता जाता मोकळा होत नाही. बारा सत्रे म्हणजे बारा अर्धे दिवस. टाकव्याहून कान्ह्याला, तेथून लोकलने तळेगावला किंवा चिंचवडला, रांग, उपचार आणि परत. खांडी-कुसूरच्या माणसाला तर अर्धा दिवसही पुरत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला त्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते. दवाखान्याची फी माफ झाली तरी बुडालेली मजुरी हीच त्याची खरी फी असते. तेव्हा तो उपचार सोडतो आणि नंतर डॉक्टर, मालक व शेजारी सर्व मिळून त्याला आळशी आणि अडाणी ठरवतात. अडाणीपणाचा येथे फारसा संबंध नाही. घरातील पिठाचा डबा पाहून त्याने केलेला तो अगदी व्यवहारी हिशोब असतो.

कायद्याने या बाबतीत काहीच दिलेले नाही असे नाही. १९४८ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या राज्य विमा योजनेत, कामावर झालेल्या इजेमुळे तात्पुरते अपंगत्व आले तर वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो आणि तो अपंगत्व असेपर्यंत मिळतो. साध्या आजारपणात ७० टक्के दराने वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मिळतो. ठेकेदाराकडील कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकावर आहे. चिंचवडला मोहननगरात या योजनेचे रुग्णालय आहे. परंतु ठेक्यावरील किती मजुरांना आपला विमा क्रमांक माहीत आहे? वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ रोजी २१,००० रुपये करण्यात आली. त्यापुढे ज्याचे वेतन गेले तो या छत्राबाहेर पडतो. आणि भाताच्या खाचरात वाकलेली मजूर बाई तर या छत्राखाली कधी आलीच नाही. तिच्या कंबरेला कोणी मालक नाही, म्हणून तिच्या कंबरेची भरपाईही नाही.

चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून भारतातील कामगार संघटना इजेच्या मोबदल्यासाठी लढत आल्या, आणि तो लढा योग्यच होता. प्रेसखाली बोट गेले की त्याची टक्केवारी आणि रक्कम संघटनेच्या पुढाऱ्याला तोंडपाठ असते. पण उरलेली चार बोटे पुन्हा वळू लागली काय, हे कोणी विचारत नाही. किंबहुना अपंगत्व जितके अधिक तितकी रक्कम अधिक, या हिशोबामुळे बरे होणे हेच तोट्याचे वाटू लागते. मोबदला हा हक्क आहे, त्यात तडजोड नको. मात्र मोबदल्याची रक्कम दोन वर्षांत संपते आणि आखडलेला हात आयुष्यभर सोबत राहतो. पैशाबरोबर हातही परत मागितला पाहिजे.

ही मागणी केवळ मावळापुरती नाही. २०१९ सालच्या जागतिक आकडेवारीप्रमाणे पुनर्वसनाच्या उपचाराने ज्यांना लाभ होईल अशी २४१ कोटी माणसे जगात होती. म्हणजे दर तिघांमागे जवळजवळ एक. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने पुनर्वसनाचे उपचार प्राथमिक आरोग्यसेवेपर्यंत नेण्याविषयी ठराव केला. भारतात २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि त्यात जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचाराची तरतूद आहे. परंतु आंदर मावळातल्या गुडघे धरलेल्या म्हातारीसाठी जिल्हा रुग्णालय म्हणजे पुण्याचे औंध. दिल्लीतील तरतूद आणि तिचा गुडघा यांच्यामध्ये साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता आहे.

तेव्हा मागण्या स्वच्छ असाव्यात. आठवड्यातील ठरावीक दोन दिवस टाकवे बुद्रुक येथे सरकारी भौतिकोपचारकाने बसावे आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी पुढच्या वाड्या-पाड्यांत जावे. या कामाला मोठी यंत्रे लागत नाहीत. एक खोली, एक चटई, एक मजबूत खाट, काही पट्टे व वजने आणि एक शिकलेला माणूस पुरतो. कारखान्यांत उपचारासाठीची रजा भरपगारी असावी, आणि परतणाऱ्या कामगारास काही आठवडे हलके काम मिळावे. तो परतण्यापूर्वीच त्याच्या जागी दुसरा उभा करण्याची ठेकेदारी रीत बंद व्हावी. शेतमजुरांना विम्याच्या कक्षेत आणावे. आणि प्रत्येक रुग्णाच्या हाती त्याच्या व्यायामाचा मराठीत, चित्रांसह लिहिलेला कागद असावा.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर गावाला हात बांधून बसण्याचे कारण नाही. मावळाला इर्जिक ठाऊक आहे. एकाच्या शेतात सर्वांनी मिळून राबावे आणि त्याने दुसऱ्याच्या शेतात जावे, ही रीत कोणत्याही पुस्तकातून आलेली नाही. ज्या घरात अर्धांगवायूचा रुग्ण आहे किंवा ज्या बाईचे प्लास्टर नुकतेच निघाले आहे, त्या घराची लावणी, पाणी, गुरे चार आठवडे शेजाऱ्यांनी वाटून घेतली, तर त्या चार आठवड्यांत एक हात गावाला परत मिळू शकतो. शाखेच्या कार्यकर्त्याने रुग्णाला नुसते ‘बरे आहे ना?’ असे न विचारता ‘आज व्यायाम किती वेळा झाला? मूठ किती वळते?’ असे विचारावे. विमा क्रमांक आहे किंवा नाही हे पाहावे. पहिल्या सत्राला त्याच्याबरोबर लोकलमध्ये बसून जावे. हे काम लहान वाटेल. परंतु लोकांच्या शरीराची ज्याला काळजी नाही त्याच्या विचाराची काळजी लोकही करीत नाहीत.

पुढच्या आषाढात खाचरे पुन्हा हिरवी होतील. त्या वेळी लावणीला वाकलेल्यांपैकी किती जणी संध्याकाळी ताठ उभ्या राहू शकतील, हे मधल्या महिन्यांत काय केले जाते त्यावर ठरणार आहे.